माझ्या घशाची चौकशी

सोमवार, दुपार

चि. बापू,

मी घरी आल्यावर बघायला सगळ्यांत आधी आली ती समोरची शिंपीण. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी, आणि टाचणी तशीच ठेवून मला विचारते, "कशा आहात?" मला तिच्याच घशाची धास्ती. तिच्या मागून गाड्यांचे साहेब आले, म्हणजे आपल्या ताईची भिंगरी ज्या अॅम्ब्युलन्सवर काम करते त्या खात्यातले वरचे. हातात फुलांचा गुच्छ एवढा दांडगा की आधी गुच्छ आत आला, मग साहेब. त्यांच्या मागे फोनवर फोटो काढणारा एक. ते टेकतात न टेकतात तोच हॉस्पिटलचा तो तरुण डॉक्टर, पोपटी टायवाला. माझी खोली केवढी ते तुला ठाऊक आहे. शिंपिणीला कपाटाला पाठ लावून उभं राहावं लागलं.

आशीर्वाद लिहायचा राहिला. तो आहेच, तू धरून चाल.

तर मी घरी आले, आणि ठणठणीत आहे. जीव गेला होता तो परत आला, याचा मला इतका आनंद झालाय की सकाळी दूधवाल्याकडे बघूनसुद्धा हसू येतं. फक्त बोलायला बंदी. घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजणं त्याहून वाईट. आणि हे कुणाला सांगतात, तर मला! तुझे बाबा म्हणायचे, हिच्या तोंडाला झाकण बसवायचं राहून गेलं. आता बसलंय. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहून घर चालवते. शाळा चौथीला सुटली, पण अक्षर तुझ्या डॉक्टरी अक्षरापेक्षा बरं आहे, कुणालाही विचार. फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणून मला कापायचास. पत्र कापता येत नाही, म्हणून पत्र.

आता त्या दिवशीचा तमाशा ऐक.

साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आजी, छोटासा व्हिडिओ घेऊ. बोलायचं काही नाही. मी विचारणार, घरातच घशातून श्वासाची नळी घातली म्हणून जीव वाचला ना? तुम्ही फक्त मान हलवायची."

मी लिहिलं, "कोणत्या बाजूला?"

ते हसले. पोपटी टाय हसला नाही. म्हणाला, "एक मिनिट, साहेब. आजी, आ करा." आणि मी काही लिहायच्या आत माझ्या तोंडात बोट. रबरी हातमोजा, चव अशी की फुग्यात साबण भरलाय. जीभ दाबली, टॉर्च मारला, हिरडी ओढून टाक्याचा फोटो घेतला. मग दोघं माझ्या डोक्यावरून भांडायला लागले, आणि माझं तोंड उघडंच.

"हे बघा, हिरडी फाटलीय. आत आवाजाची पट्टी सुजलीय. स्वयंपाकघराच्या जमिनीवर नळ्या घालत सुटलात तर हेच होणार."

"नळी नसती तर हिरडी दाखवायला बाई तुमच्यापर्यंत पोचल्याच नसत्या."

"हवेचा फुगा आणि मास्कनं भागलं असतं. मोठ्या डॉक्टरांचं लेखी मत आहे."

"मोठे डॉक्टर तीन मजले जिने उतरलेत का कधी स्ट्रेचर घेऊन?"

माझी लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरली. एकानेही बघितलं नाही. शिंपिणीने शेवटी आपल्या खांद्यावरच्या कापडाच्या तुकड्याने ती पुसली, आणि ते कापड कुणाच्या तरी सदऱ्याचं होतं, त्याचं तिला आता नवीन आणावं लागणार.

बूट घालूनच आत आले होते दोघे. चहा मात्र पिऊन गेले. साहेबांनी जाता जाता गुच्छ मोरीतल्या बादलीत ठेवला, तो आता सडून त्याला असा वास सुटलाय की मोरीत जाताना नाक धरते. इतकी शिसारी आली मला त्या दुपारची! एकाला मी वाचले याचा आनंद, दुसऱ्याला माझी हिरडी फाटली याचा आनंद. पोपटी टायच्या तोंडावर तर असं समाधान होतं जसं काही त्यानेच फाडली. घसा माझा, भांडण त्यांचं.

भिंगरी स्वयंपाकघरात होती. बाहेर आली नाही. तिला गाडीवरून उतरवलंय, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. चौकशी पुरी होईपर्यंत गोदामात मास्क आणि पट्ट्यांची खोकी लावते. चौकशीत तिची चूक ठरली तर नोकरी जाणार, आणि वर तुम्ही जी समिती मांडून बसलायत ती म्हणणार की बघा, म्हणूनच गाडीवरच्या कुणाच्याच हातात नळी देऊ नका. भाचीच्या नोकरीवर तू बसलायस, बापू, हे विसरू नकोस.

तुझी,
आई


गुरुवार

बापू,

काल घशाचा कॅमेरा झाला. नाकातून घालतात. बारीकसा काळा साप, तोंडाला दिवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्यावर बघा, घाबरायचं काही नाही. मी बघितलं. देवा रे! आतून मी ओल्या गोगलगायीसारखी आहे. गुलाबी, बुळबुळीत, काहीतरी उघडतंय, मिटतंय. भिंगरी शेजारी उभी राहून "किती छान दिसतंय ना, आजी, सूज उतरली!" म्हणून टाळ्या वाजवायच्या बेतात. ही माझी नात. लहानपणी मेलेली पाल उलटी करून बघायची, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

येताना आम्ही बागेच्या बाकावर बसलो. मी तिला लिहून विचारलं, "मी आडवी झाले त्या दुपारी काय केलंस ते नीट सांग." तिने टाळायचा प्रयत्न केला. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं तुला लिहिते, कारण तुम्ही मामा-भाची एकमेकांशी बोलत नाही. तू पेपरात लिहिलंस की गाडीवाल्यांनी नळ्या घालू नयेत, तिने त्याच पेपरात उलट लिहिलं आणि खाली सही केली "आपली भाची", तेव्हापासून. मला त्या सहीचं अजून हसू येतं. तुला आलं नव्हतं, ठाऊक आहे.

मी ओट्याशी उभी होते. छातीत पाणी भरलं होतं, ते कळलं नाही, वाटलं दम लागलाय, बसू जरा. ओटा आणि कपडे धुवायचं मशीन यांच्या मधे बसले ती आडवीच झाले. दार उघडं होतं म्हणून शिंपीण आली. तिने आधी गाडीला फोन केला, मग तुला. तुला लावताना फोन तिने माझ्या डोक्याशी फरशीवर ठेवला, कारण तिला दोन्ही हात माझ्यासाठी मोकळे हवे होते. तू काय सांगितलंस ते ती सांगत नाही. मीही तिला विचारलेलं नाही.

आपल्या भागाची गाडी भिंगरीचीच. तिला पत्ता ऐकून काय वाटलं असेल याचा विचार तू कर, मी केला की मला रडू येतं आणि रडण्यानेही घशाला ताण पडतो म्हणतात. ती आणि तिचा गाडीचालक धावत वर आले, कारण लिफ्ट बंद. मी निळी पडलेली. तिने तोंडावर मास्क धरला, फुगा दाबायला घेतला. "आजी, हवा आत जाईचना. गालांच्या बाजूनं फसफस बाहेर. तुझे गाल आत गेले होते, मास्क टेकायला जागाच नाही. चालकाला म्हटलं दोन्ही हातांनी मास्क धर, मी फुगा दाबते, तर थोडी जायला लागली. पण मग जिना कसा उतरायचा? जिन्यावर आमचे चारही हात स्ट्रेचरला. मास्क कोण धरणार?"

म्हणून नळी.

आणि आता पुढचं तिने सांगितलं ते ऐक. ती म्हणाली, "पहिली नळी चुकीच्या वाटेनं गेली, आजी. अन्ननळीत. फुगा दाबला तर तुझं पोट फुगलं. ओढून काढली. काढताना हिरडी फाटली. दुसऱ्यांदा नीट बसली. पण मधल्या वेळात तू..."

मी लिहिलं, "मामा म्हणतो तेच झालं म्हणायचं."

ती म्हणाली, "मामा म्हणतो ते सगळं खोटं नाही. त्याला टेबल असतं, वरून उजेड असतो, हाताशी माणूस असतं, आणि रोजचा हात असतो. मला कधीतरीच वेळ येते. म्हणून तर म्हटलं होतं की आम्हाला तुमच्या ऑपरेशनच्या खोलीत महिन्यातून एकदा येऊ द्या, तुमच्या नजरेखाली नळ्या घालू, हात चालू राहील. तर मामाच्या लोकांनी म्हटलं, गर्दी होते."

गर्दी! आमच्या खोलीत पोपटी टाय बूट घालून मावतो आणि तुमच्या तिथे माझी नात मावत नाही?

मग ती खाली मान घालून म्हणाली, "आणखी एक सांगते. तुझी कवळी ओट्यावर वाटीत होती. वरची, खालची, दोन्ही. माझ्या डोळ्यांसमोर. परत तोंडात बसवली असती तर गाल भरले असते, मास्क बसला असता. गाडीवर आम्हाला तेच शिकवतात, मास्क लावायचा असेल तर कवळी काढू नका. मला दिसली आणि सुचलं नाही. खरं सांगू? हात नळीसाठी शिवशिवत होते."

त्या क्षणी मला तिचीही शिसारी आली, खोटं कशाला बोलू. माझ्याच घशात हात चालवायची हौस! पण ती तिथे बसली होती, नाक लाल, बोटाला गोदामातल्या खोक्यांच्या पट्ट्यांनी कापलेलं, आणि सांगितलंन. कुणी विचारलं नव्हतं. मी तिचा हात घेऊन मांडीवर ठेवला. मग आम्ही आइसक्रीम खाल्लं, घशाला चांगलं असतं म्हणे. तिने माझंही खाल्लं.

एक मला कळेना, बापू. कवळी वाटीत गेली कशी? मी जेवल्यावर धुते आणि लगेच घालते. आडवी झाले तेव्हा तोंडात होती.

आई


रविवार, सकाळ

बापू,

तू शिंपिणीला फोन केलास.

ती काल आली, हातात अर्धी कॉलर, आणि उगाच माझ्या उशीची खोळ ठीक करत बसली. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेबांचा फोन होता." मला काय आनंद झाला! मी लिहिलं, "काय म्हणाला?" म्हणाली, "तुमची तब्येत विचारत होते." तिला खोटं बोलता येत नाही. बोलली की मापाची टेप बोटाला गुंडाळायला लागते. गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं.

मी पेन्सिल उशीवर आपटली.

"ते विचारत होते, आईला त्या दुपारचं काही आठवतं का." आणि मग, "म्हणाले, आठवत नसेल तर तुम्ही आठवण करून देऊ नका. त्यांना त्रास होईल. त्यांच्या समोर तो विषयच काढू नका."

नाकातून साप गेला तेव्हा मळमळलं नव्हतं, बापू. पोपटी टायचं बोट जिभेवर होतं तेव्हाही पोटातलं पोटात राहिलं. काल मात्र मोरीत जाऊन ओकले. सडलेल्या फुलांच्या बादलीशेजारी. शिंपीण पाठ चोळत होती आणि सारखी म्हणत होती, "माझंच चुकलं, माझंच चुकलं."

तिचं काय चुकलं? तिने तेच केलं जे फोनमधून सांगितलं गेलं. मी ऐकलं ते; गुरुवारी तुला विचारलं ते तू आपणहून सांगतोस का बघायला. फोन माझ्या कानाशीच होता, फरशीवर, आणि स्पीकरवर होता, कारण तिला बटण कुठलं ते कळलं नाही. मला श्वास नव्हता, कान होते.

"आधी आईची कवळी काढा," तू म्हणालास.

ती म्हणाली, "त्या दात आवळून धरतायत."

"बोट घाला आणि काढा. वरची, खालची, दोन्ही. लगेच."

तिने बोट घातलं. त्या बोटाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता. त्यानंतरचं मला काही ठाऊक नाही, डोळे उघडले ते हॉस्पिटलात.

आता रागावून पत्र फेकू नकोस, पुढे वाच. तू ते म्हणालास यात मला काही वाटत नाही. माझ्या पित्ताच्या ऑपरेशनला तूच आला होतास आणि नर्सला तेच म्हणाला होतास, आईची कवळी काढा. तिथे बरोबर होतं, तिथे तुमची नळी तयार असते, मास्कवर वेळ काढायचा नसतो. आयुष्यभर भूल देताना जे रोज सांगितलं तेच तुझ्या तोंडून निघालं. इतक्या लांबून आईचा घरघर आवाज ऐकून कुणाला वेगळं सुचणार? उलट मला कौतुक वाटलं असतं. शहाण्या डॉक्टराने घाबरून भलतंच सांगितलं, म्हणजे आईवर जीव आहे तर.

पण नंतर? नंतर तुला कधीतरी आठवलं असेल ना की गाल बसलेल्या तोंडावर मास्क टेकत नाही? तुझ्याइतकं हे कुणाला कळतं? आणि ते आठवल्यावरही तू समितीत लिहून दिलंस की मास्कने भागलं असतं. पोपटी टाय ते मत छातीवर बिल्ला लावल्यासारखं मिरवतोय. आणि मग बिचाऱ्या एका शिवणकामवाल्या बाईला फोन करून सांगितलंस, बोलू नका.

तिला वाटतं पोलीस येतील. दोन दिवस तिने मशीन चालवलं नाही. एका मुलीचा लग्नातला झगा अर्धा पडलाय, त्या मुलीची आई रोज येऊन दारात ओरडते, "बाई, तुम्ही मेलात का?" आणि ही आतून म्हणते, "अजून नाही!"

तू पत्राला उत्तर पाठवू नकोस. तू ये.

आई


मंगळवार

बापू,

तू आला नाहीस. आज ते दोघं आले.

चौकशीची माणसं. एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात, आणि एक सुकडा गृहस्थ, जो सारखं लिहीत होता. खरं सांगते, मला त्यांचा राग करायचा होता, पण दोघांनी बूट बाहेर काढले आणि माझ्या तोंडात कुणी काही घातलं नाही. बाईंनी विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना? दमलात तर सांगा, थांबू." एवढं या घशाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना चहा लिहून विचारला, त्यांनी नको म्हटलं. तेवढं एक मला आवडलं नाही.

भिंगरीला समोर बसवलं. धुतलेला गणवेश घालून आली होती, उगाच, तो घालायला तिला आता परवानगी नाही. शिंपीण दारात उभी, आत येत नाही, जातही नाही, मधल्या बोटाला टेप.

बाईंनी सगळं नीट विचारलं. जिना कसा, लिफ्ट केव्हापासून बंद, चालकाने मास्क किती धरला, पहिली नळी कुठे गेली. भिंगरीने सांगितलं, अन्ननळीत गेली म्हणून. काही लपवलं नाही. सुकडे गृहस्थ लिहीत होते. मग बाई म्हणाल्या, "मास्क बसत नव्हता, कारण तोंडात कवळी नव्हती. बरोबर?"

"हो."

"ती परत बसवावी असं वाटलं नाही?"

"सुचलं नाही."

"आणि काढली कुणी?"

भिंगरीने दाराकडे बघितलं. एवढंसं, पापणी हलली इतकंच. शिंपिणीचं टेप गुंडाळलेलं बोट पांढरं पडलं होतं.

"मी," भिंगरी म्हणाली.

"तुम्ही? नियम काय आहे तुमच्या गाडीवर?"

"मास्कसाठी कवळी ठेवायची."

"मग काढलीत का?"

"चुकले."

गृहस्थांचं पेन थांबलं. त्यांनाही वाईट वाटलं, मला दिसलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना, हे लिहून घेतलं तर याचा अर्थ काय होतो? नळी घालायची वेळ तुमच्याच चुकीमुळे आली असा होतो." भिंगरी म्हणाली, "कळतंय."

बापू, मी स्टीलचा पेला उचलला आणि खाटेच्या लोखंडी पायावर असा आपटला की सगळे उडाले. पेल्याला पोचा आलाय. पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ही खोटं बोलते आहे," आणि बाईंच्या नाकासमोर धरलं.

"मग कुणी काढली, आजी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पेन्सिल टेकवली. तुझं नाव लिहायला फार अक्षरं लागत नाहीत. शाळेत पाटीवर मीच तुला ते गिरवायला शिकवलं होतं, माझ्या चौथीच्या जोरावर. पेन्सिल कागदावर होती आणि ती पुढे जाईना. शिंपीण दारातून म्हणाली, "मी सांगते, मी सांगते," आणि दारातच बसून रडायला लागली. भिंगरी उठून तिच्याकडे गेली आणि तिला धरून म्हणाली, "तुम्ही काही सांगू नका. तुम्ही दार उघडून आत आलात म्हणून आजी आहे. बस्स झालं तेवढं."

म्हणजे पोरीला वाटतंय शिंपिणीने आपल्या मनाने काढली! तिला वाचवायला निघालीय. फोनचं तिला माहीतच नाही. मी तिला अजून सांगितलेलं नाही. मामाला वाचवायचं का शिंपिणीला, हा विचार तिने करावा असं मला वाटत नाही, तो तिचा नाही.

मी कागदावर लिहिलं, "मी तोंडाने सांगेन. लिहून नाही."

बाई म्हणाल्या, "लिहिलंत तरी चालेल, आजी."

मी मान हलवली, डावी-उजवीकडे, साहेबांना हवी होती त्याच्या उलट. लिहिलेलं काय, म्हातारीच्या हातून कुणी लिहवून घेतलं म्हणता येतं. पोपटी टाय म्हणेल, श्वास कोंडल्यावर माणसाला भास होतात. म्हणू दे माझ्या तोंडावर. आणि दुसरं कारण तुझ्यासाठी होतं, तुला यायला वेळ मिळावा म्हणून, ते त्यांना काय सांगायचं?

ते गेल्यावर भिंगरीशी माझं भांडण झालं. असं भांडण तू पाहिलं नसशील, एक बाई ओरडतेय आणि दुसरी कॅलेंडरवर लिहितेय. ती म्हणाली, "आजी, माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल. त्या शिंपीणबाईंचं नाव एकदा यात आलं की आयुष्यभर कुणाचं दार वाजलं तरी दचकतील." मी लिहिलं, "आणि पुढच्या वेळी लिफ्ट बंद असलेल्या घरात गाडी जाईल, गाडीवर नळी नसेल, त्यांचं काय?" ती म्हणाली, "ते मामाला विचार."

विचारते आहे.

मला नळी घालावी की घालू नये यातलं काही कळत नाही. तुम्ही शिकलेली माणसं ते ठरवा. कदाचित तुझंच बरोबर असेल, कदाचित भिंगरीच्या हाताला अजून पुष्कळ सराव हवा असेल, ती स्वतःच म्हणते. पण ठरवायला माझा घसा घेतला आहात, तर माझ्या घशात काय काय झालं ते सगळं टेबलावर ठेवा. हिरडी ठेवलीत, सूज ठेवलीत, पोट फुगलेलं ठेवलंत. फरशीवरचा फोनही ठेवा. अर्धीच गोष्ट सांगून निकाल लावायचा, त्याला तुमच्यात काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्यात घाण म्हणतात.

तू मोठा डॉक्टर आहेस. तू म्हणालास की मीच सांगितलं, घाबरलो होतो, सवयीने सांगितलं, तर तुझं काय जाणार आहे? चार लोक बोलतील. भिंगरीचं सगळं जाणार आहे. तू लहान असताना ताईच्या अंगावर कधी काही ढकललं नाहीस. फोडलेली बरणी हातात घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहायचास. त्या पोराला मी ओळखते. फोन करून "विषय काढू नका" म्हणणारा कोण आहे, त्याची मला ओळख करून घ्यायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी उद्यापासून बोलायला मोकळीक दिलीय. थोडं थोडं, घोगरं निघेल म्हणाल्या. मी पहिला शब्द जपून ठेवलाय. तू इथे येऊन खुर्चीवर बसलास तर मी गप्प राहीन, तू बोल, मी तुझ्या शेजारी असेन. खुर्ची रिकामी राहिली तर मी बोलेन, आणि नाव घेईन.

पत्र शिंपिणीच्या जावयाबरोबर देते आहे, तो आजच तुझ्या गावाला निघालाय. हातात देऊनच परत ये म्हटलंय.

चौकशीची ती दोघं दारात बूट घालताना परत यायचं सांगून गेली आहेत. गुरुवारी सकाळी.

आई